दोष दिसेनासा होतो तेव्हां

दोष यंत्राचा असो, देहाचा असो वा स्वभावाचा असो, त्याचे दोन वर्ग पडतात. एक सदा प्रकट असणारा. दुसरा अधूनमधून डोकें वर काढून पुन्हां लपणारा. पहिल्या वर्गांतील दोष कितीहि मोठा असला तरी तो आपणांस नैतिक पेचांत घालीत नाहीं. मोडलेलें चाक घेऊन कोणी प्रवासाला निघत नाहीं. हाड मोडलेला मनुष्य वैद्याकडे जावें कीं न जावें याचा खल करीत बसत नाहीं. दुसऱ्या वर्गाची गोष्ट निराळी. जो ताप सायंकाळीं चढतो आणि वैद्य येण्यापूर्वीं उतरतो, जो पूल केवळ भर पावसाळ्यांत किंचित् हलतो, जो मनुष्य वर्षांतून दोनदांच खोटें बोलतो, त्यांच्याविषयीं काय समजावयाचें? दोष दिसतो तेव्हां आपण घाबरतों. दिसेनासा झाला कीं भीतीबरोबर कर्तव्यहि विसरतों. अशा येणाऱ्या-जाणाऱ्या दोषाविषयीं मनुष्याची जबाबदारी कोणती, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाहीं. त्याचा विचार केवळ तात्त्विक पातळीवरून करण्यापेक्षां एखादें रोजच्या व्यवहारांतील उदाहरण हातीं घेऊन करावा हें बरें. म्हणून येथें मोटारगाडीच्या एका क्षुल्लक दिसणाऱ्या बिघाडाचें उदाहरण घेतों.

गाडी नीट चालली आहे. रस्ता सरळ आहे. एकाएकीं गतिमापकाचा कांटा साठावरून घसरून शून्यावर येतो, आणि त्याच क्षणीं समोरच्या फळीवर ब्रेकचा दिवा लागतो. गाडीचा वेग मात्र यत्किंचितहि कमी झालेला नसतो. चालविणारा दचकतो, ब्रेक दाबून पाहतो, ब्रेक लागतो. थोड्या वेळानें कांटा पुन्हां साठावर चढतो, दिवा मालवतो, आणि जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत सर्व पूर्ववत् चालूं लागतें. मग आठ दिवस कांहीं नाहीं. नवव्या दिवशीं घाट चढतांना पुन्हां तेंच. घरांत याची चर्चा होते. एक म्हणतो, दिव्याचीच वायर ढिली असेल. दुसरा म्हणतो, ब्रेक लागतो आहे ना, मग झालें. तिसरा फळीवर बोटानें टिचकी मारून पाहतो, आणि योगायोगानें त्याच वेळीं कांटा वर आला तर टिचकी हाच त्या घराचा उपाय ठरतो. हा बिघाड काल्पनिक नाहीं. आधुनिक बनावटीच्या अनेक गाड्यांत तो आढळतो. आणि हे दोन असंबद्ध दिसणारे प्रकार एकाच वेळीं कां घडतात हें समजून घेतल्यावांचून पुढचा विचार करतां येणार नाहीं.

जुन्या गाड्यांत या दोहोंचा परस्परांशीं कांहींएक संबंध नव्हता. स्ट्रासबर्गच्या ओटो शुल्ट्से यानें १९०२ सालीं ज्याचें पेटंट घेतलें त्या धर्तीच्या गतिमापकांत एक लवचिक तार लोहचुंबकाला फिरवी. चुंबकाभोंवतालच्या धातूच्या वाटींत त्यामुळें विजेचे भोंवरे उत्पन्न होत. वाटी चुंबकामागें ओढली जाई, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला अडवून धरी. ओढ आणि अडवणूक यांचा जेथें मेळ बसे तेथें कांटा थांबे. ब्रेकचें काम सर्वस्वीं वेगळें. पायाचा दाब तेलाच्या नळ्यांतून चाकांपर्यंत जाई. तार तुटली तर कांटा पडे, तेल गळलें तर ब्रेक निकामी होई. एकाचें दुःख दुसऱ्याला ठाऊक नसे.

पुढें ब्रेक जोरानें दाबला असतां चाकें जखडून गाडी घसरूं नये म्हणून एक इलेक्ट्रॉनिक रचना निघाली. बॉश कंपनीनें केलेली ही रचना १९७८ सालीं मर्सिडीज-बेंझच्या मोठ्या गाड्यांत मिळूं लागली, आणि एबीएस या नांवानें ती आज सर्वांस परिचित आहे. भारतांत १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या सर्व नव्या मोटारसायकलींनाहि ती सक्तीची झाली. या रचनेला प्रत्येक चाक किती वेगानें फिरत आहे हें क्षणोक्षणीं कळावें लागतें. म्हणून चाकाबरोबर फिरणारें एक दांतेरी कडें, आणि त्यापासून सुमारें एक मिलिमीटर अंतरावर बसविलेला एक सेन्सर, अशी जोडी योजतात. कड्याचा दांता सेन्सरसमोरून गेला कीं विजेचा एक ठोका उमटतो. ठोके मोजले कीं वेग कळला. आतां चाकाचा वेग जर असा मोजला जातोच आहे, तर गतिमापकासाठीं निराळी तार कशाला, असा विचार कारखानदारांनीं केला, आणि पुष्कळ गाड्यांत कांट्यालाहि तीच बातमी पुरविली जाऊं लागली. खर्च वांचला, भाग कमी झाले. परंतु दोन साक्षीदार एकाच माणसाच्या सांगण्यावर बोलूं लागले. चाकाकडून येणारी बातमी तुटली कीं ब्रेकची रचना आपलें काम थांबवून दिवा लावते, आणि कांटाहि त्याच वेळीं खालीं पडतो. बहुतेक गाड्यांत प्रथम एबीएसचा पिवळा दिवा लागतो. पुढच्या व मागच्या चाकांत दाब वांटून देण्याचें कामहि बंद पडलें तर ब्रेकचा तांबडा दिवा त्याच्या जोडीला येतो.

निदानाची पहिली पायरी येथें मिळते. दोन लक्षणें एकाच क्षणीं उत्पन्न होतात आणि एकाच क्षणीं नाहींशीं होतात, तर त्यांचें कारण एकच असावें अशी कल्पना प्रथम करावी. आपल्या नैयायिकांनीं यालाच लाघव म्हटलें; जेथें एका कल्पनेनें भागतें तेथें दोन करणें हें गौरव, आणि तो दोष. परंतु लाघव शोधाची दिशा दाखवितें, निकाल देत नाहीं. ब्रेक ऑइलची पातळी किमान खुणेजवळ उतरली असेल तर वळणावर तें हेलकावून तेवढ्यापुरता तांबडा दिवा लागतो. त्याचा चाकाच्या सेन्सरशीं कांहीं संबंध नसतो. ब्रेकचे पॅड झिजल्याचा अथवा कोठें तरी ऑइल गळत असल्याचा तो इशारा असतो. एखाद्या गाडीला हे दोन्ही विकार एकाच महिन्यांत जडूं नयेत असा कांहीं सृष्टीचा नियम नाहीं. म्हणून जाणता मिस्त्री सेन्सरच्या मागें लागण्यापूर्वीं बॉनेट उघडून ऑइलची पातळी पाहतो. काम दोन मिनिटांचें. परंतु त्यांत त्याची सारी विवेकबुद्धि दिसून येते. ज्या शक्यतेची किंमत प्राणांनीं द्यावी लागेल, ती असंभाव्य वाटली तरी आधीं तपासावी, हा नियम तो न सांगतां पाळीत असतो.

पुढचें काम प्रश्न विचारण्याचें. दोष केव्हां येतो? अगदीं हळू चालतांनाच कांटा पडत असेल, तर सेन्सर आणि कडें यांच्यामध्यें गंज अथवा लोखंडाचा कीस सांचला असण्याचा संभव अधिक. कारण जुन्या धाटणीच्या सेन्सरचा ठोका मंद गतीला मुळांतच क्षीण असतो. केवळ वळणावर येत असेल, तर चाकाच्या बेअरिंगला आलेली ढिलाई, किंवा स्टिअरिंग वळवितांना ताणली जाणारी वायर यांचा संशय घ्यावा. अशी वायर वरच्या आवरणाखालीं आंतल्या आंत तुटलेली असते, आणि वरून हात फिरवून पाहणाऱ्यास ती अखंड वाटते. पावसानंतर येत असेल, तर कनेक्टरांत पाणी शिरून गंज चढला असावा. गाडी अर्धा तास चालून तापल्यावर येत असेल, तर नियंत्रक पेटींतील एखाद्या झाळलेल्या सांध्याला केसाएवढी चीर गेलेली असूं शकते. उष्णतेनें ती उघडते, थंडाव्यानें मिटते. मग चारी चाकांचे आंकडे दाखविणारें उपकरण जोडून गाडी सरळ रस्त्यावर चालवितात. चार आंकडे बरोबरीनें चालले असतां त्यांपैकीं एकच गळाला, तर त्या चाकाकडे जावें. चारी एकदम गळाले, तर चाकांना बोल न लावतां जें चारींना समान आहे तिकडे, म्हणजे पेटीकडे आणि तिच्या वीजपुरवठ्याकडे, जावें. या सर्व पद्धतींत यंत्रविद्या थोडी आणि तर्कशास्त्र फार आहे. जॉन स्टुअर्ट मिलनें १८४३ सालच्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथांत कारणशोधाच्या ज्या रीति सांगितल्या, आणि आपल्याकडे ज्यांना अन्वय-व्यतिरेक म्हणतात, त्या येथें काळ्या तेलानें माखलेल्या हातांनीं रोज आचरल्या जातात.

परंतु हें सर्व सुलभ होतें तें दोष समोर हजर असतो तेव्हां. आणि या वर्गांतील दोषाचा स्वभावच असा कीं, मिस्त्रीच्या दारांत गाडी उभी राहिली कीं तो सोंवळा होऊन बसतो. मिस्त्री गाडी फिरवून आणतो. कांटा स्थिर, दिवा विझलेला. तो म्हणतो, "साहेब, गाडींत कांहीं दोष नाहीं." मालकाला हें ऐकून बरें वाटतें, आणि दोघेहि एका तर्कदोषांत एकमेकांचे भागीदार होतात.

"दोष आढळला नाहीं" आणि "दोष नाहीं" या दोन वाक्यांतील अंतर आपल्या प्राचीन विचारवंतांनीं फार बारकाईनें मोजलें आहे. कुमारिल भट्टाच्या परंपरेंतील मीमांसकांनीं अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानलें. जमिनीवर घट दिसत नाहीं, यावरून तेथें घट नाहीं हें आपणांस कळतें. नैयायिकांनीं तिचें स्वतंत्र प्रामाण्य नाकारलें. हा वाद बाजूस ठेवला तरी एक अट उभय पक्षांनीं महत्त्वाची मानली, ती योग्यतेची. वस्तु तेथें असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिति असली पाहिजे. तरच न दिसण्यावरून नसणें सिद्ध होतें. अंधाऱ्या खोलींत घट दिसला नाहीं म्हणून त्याचा अभाव सिद्ध होत नाहीं. आणि जें स्वभावतःच अदृश्य, त्या पिशाच्चाच्या अभावाचा निर्णय उजेडांतहि नुसत्या डोळ्यांनीं करतां येत नाहीं.

ही कसोटी आपल्या उदाहरणाला लावून पाहावी. दोष घाट चढून गाडी तापल्यावर येतो, आणि मिस्त्रीनें थंड गाडी सकाळीं गल्लीच्या टोंकापर्यंत नेऊन आणली. ती फेरी म्हणजे अंधाऱ्या खोलींतील घटाचा शोध होय. जो मिस्त्री पेटीला गरम हवा देऊन, वायर हातानें हलवून, कनेक्टरवर पाणी शिंपडून दोषाला प्रकट होण्याची संधि देतो, आणि तरीहि तो आला नाहीं तर "मला आढळला नाहीं, पुन्हां दिसेल तेव्हां वेळ, वेग आणि रस्ता लिहून ठेवा" असें सांगतो, त्याचें बोलणें सत्याला धरून असतें. पहिला जाणूनबुजून खोटें बोलला असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु आपल्या ज्ञानाची सीमा हीच वस्तुस्थितीची सीमा, असें त्यानें भासविलें, आणि ऐकणाऱ्यानें तें आनंदानें मानलें. दोषाची नोंद नियंत्रक पेटीच्या स्मरणांत बहुधा राहते. ती वाचण्यापूर्वींच, केवळ दिवा विझावा म्हणून, पुसून टाकणारेहि आढळतात. साक्षीदाराचा जबाब न वाचतां फाडून टाकावा आणि मग पुरावा नाहीं म्हणून आरोपीला सोडून द्यावें, त्यांतलाच हा प्रकार.

लिहून ठेवण्याविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण सहसा दोष दिसला तेव्हांचीच आठवण ठेवतों. दिसला नाहीं तेव्हांची ठेवीत नाहीं. व्यतिरेकावांचून नुसता अन्वय लंगडा असतो. याचें अत्यंत दारुण उदाहरण म्हणजे २८ जानेवारी १९८६ रोजीं अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचा झालेला नाश. त्या यानाला वर नेणाऱ्या अग्निबाणांच्या सांध्यांत रबरी कडीं असत. पूर्वींच्या कांहीं उड्डाणांत त्या कड्यांना इजा झाली होती, कांहींत झाली नव्हती. हाहि येणारा-जाणारा दोषच. उड्डाणाच्या आदल्या रात्रीं थंडीचा त्या कड्यांवर काय परिणाम होईल याचा खल झाला. थंडींत उड्डाण करूं नये असें अग्निबाण बनविणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांचें म्हणणें होतें. परंतु इजा झालेलींच उड्डाणें समोर ठेवलीं असतां थंडीचा संबंध स्पष्ट दिसेना, कारण इजा उबदार दिवशींहि झालेली होती. पुढें चौकशी-मंडळानें इजा न झालेलीं उड्डाणेंहि हिशेबांत धरलीं, तेव्हां चित्र पालटलें. ६६ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक तापमानाच्या २० उड्डाणांपैकीं ३ मध्यें इजा होती. ६३ अंश किंवा त्याहून कमी तापमानाच्या चारींच्या चारींत होती. हें गणित लहान मुलालाहि कळेल. परंतु तें मांडलें गेलें तेव्हां सात माणसें प्राणांस मुकलीं होतीं. दोष येऊन गेला आणि कांहीं झालें नाहीं, असें जितक्या वेळां घडलें तितका तो परिचयाचा, आणि म्हणून सह्य, वाटूं लागला होता.

आतां त्या कांट्याकडे आणि त्या दिव्याकडे थोडें निरखून पाहूं. कारण एकच बातमी तुटली असतां दोघे निरनिराळे वागतात, आणि हा फरक नीतीच्या दृष्टीनें मोठा मार्मिक आहे. चाकाचा वेग कळेनासा झाला कीं ब्रेकची रचना अंदाजानें काम करीत नाहीं. अपुऱ्या माहितीवर भलत्या चाकाचा दाब सोडला तर अनर्थ होईल, म्हणून ती आपला अधिकार सोडून देते, चालकाच्या पायाखालीं साधा ब्रेक जसाच्या तसा ठेवते, आणि दिवा लावून सांगते कीं यापुढें माझ्यावर विसंबूं नका. कांटा मात्र शून्यावर जाऊन बसतो. गाडी ताशीं साठ किलोमीटर धांवत असतां तो सांगतो कीं ती उभी आहे. त्याच्या तबकडीवर शून्यापासून पुढचे सर्व आंकडे आहेत. "मला ठाऊक नाहीं" असें म्हणण्याला जागा नाहीं. त्यामुळें त्याचें अज्ञानहि ज्ञानाच्याच वेषांत बाहेर पडतें.

मनुष्यांच्या व्यवहारांत ही जागा कितपत ठेवलेली असते? एखाद्या कचेरीच्या वार्षिक अहवालांत "तक्रारी: शून्य" असें छापलेलें असतें. त्याचा अर्थ तक्रारीला कारण नव्हतें असा असेल. तक्रार कोठें करावी हें कोणास ठाऊक नव्हतें असाहि असेल. शाळेंतील मुलाला कांहीं त्रास नाहीं असें पालक सांगतात. मुलाला तसें कोणी विचारलें होतें काय, हा प्रश्न निराळाच राहतो. शून्य हा ज्ञानाचा आंकडा आहे. मोजल्यानंतरच तो लिहिण्याचा अधिकार प्राप्त होतो. जेथें मोजलेंच नाहीं तेथें जागा कोरी सोडावी. ही साधी शिस्त आपण पाळली तर कित्येक अहवाल बरेच आंखूड होतील, परंतु त्यांवर विश्वास ठेवतां येईल.

दिव्याच्या विझण्यालाहि हाच नियम लागू आहे. चावी फिरवतांच फळीवरचे इशाऱ्याचे दिवे क्षणभर लागून विझतात, हें आपण रोज पाहतों. ती कांहीं शोभा नव्हे. दिवा लागूं शकतो हें आधीं सिद्ध झालें, तरच पुढचा त्याचा अंधार विश्वासार्ह ठरतो. नैयायिकांची योग्यता कारखानदारांनीं येथें विजेच्या तारांत गुंफून ठेवली आहे. ज्या घरांत मुलाला "नाहीं" म्हणण्याची मुभा नसते, त्या घरांत त्याच्या "हो" ला काय किंमत असणार? बोलूं शकणाऱ्याचें मौन आणि तोंड बांधलेल्याचें मौन हीं दिसावयास सारखीं, परंतु अर्थानें अगदीं भिन्न असतात. त्रास देतो म्हणून जो दिव्यावर काळी पट्टी चिकटवतो, तो दोष घालवीत नाहीं. आपल्या गाडीच्या मौनाचें मोल मात्र घालवितो.

येथपर्यंत ज्ञानाचा विचार झाला, आतां कर्तव्याचा. विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञानें १८७७ सालीं विश्वासाच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यांत एक जहाजमालक आहे. त्याचें जहाज जुनें झालें आहे, आणि त्याच्या सुरक्षितपणाविषयीं त्याला शंका येतात. परंतु इतक्या सफरी सुखरूप झाल्या तशी हीहि होईल अशी तो मनाची समजूत घालतो, आणि देशांतराला निघालेल्या कुटुंबांनीं भरलेलें तें जहाज खऱ्याखुऱ्या विश्वासानें रवाना करतो. जहाज बुडतें. क्लिफर्डचा निर्णय असा कीं, तो मालक दोषी आहे. आणि जहाज सुखरूप पोंचलें असतें तरीहि तो तितकाच दोषी ठरला असता. कारण तो विश्वास त्यानें तपासानें कमावलेला नव्हता. शंका गुदमरवून मिळविलेला होता. या मालकाला मनाची समजूत स्वतः खटपट करून घालावी लागली. आपला दोष त्याहून लबाड आहे; तो दर आठवड्याच्या शांततेनें आपली समजूत आपण होऊन घालतो.

यावर असा आक्षेप निघेल कीं, प्रत्येक शंकेपाशीं थांबूं लागलों तर संसार चालावयाचा नाहीं. अर्धवट पुराव्यावर पाऊल उचलणें हीच मनुष्याची नित्याची स्थिति आहे. विल्यम जेम्स यानें १८९६ सालीं क्लिफर्डला उत्तर देतांना श्रद्धेचा हा हक्क मोठ्या आवेशानें मांडला. आक्षेप खोटा नाहीं. परंतु जेम्सनें ही सूट दिली ती ज्या प्रश्नांचा निकाल बुद्धीच्या पुराव्यानें लागूं शकत नाहीं आणि ज्यांत निवड टाळतां येत नाहीं, अशा प्रश्नांपुरती. गाडीचा ब्रेक त्यांत बसत नाहीं. येथें पुरावा मिळविण्यासारखा आहे. फक्त तो मिळविण्याला एक दिवस मोडावा लागतो आणि कांहीं पैसे खर्चावे लागतात. श्रद्धेचा आधार घेऊन हा खर्च वांचविणें हा जेम्सवरहि अन्याय होय.

मग शंका आहे परंतु निश्चय नाहीं, अशा मधल्या काळांत वागावें कसें? आमच्या मतें दोष दिसत नसेल तेव्हांहि तो आहे असें धरूनच वागलें पाहिजे. वेग कमी ठेवावा, पुढच्या वाहनापासून अंतर अधिक ठेवावें, पावसांत आणि घाटांत ती गाडी नेऊं नये. याहून महत्त्वाचें असें कीं, ज्यांना त्या धोक्यांत आपण सामील करतों त्यांना तो सांगावा. मालकानें स्वतःचा जीव धोक्यांत घालणें ही एक गोष्ट. मागच्या बैठकीवर झोंपलेलें मूल आणि रस्ता ओलांडणारी म्हातारी यांनीं तसा कौल दिलेला नसतो. पगारी ड्रायव्हरनें दिवा लागल्याचें सांगावें आणि मालकानें "चालव रे, कांहीं होत नाहीं" असें म्हणावें, हा प्रसंग दुर्मिळ नाहीं. अपघात झालाच तर स्टिअरिंगवर हात ड्रायव्हरचा असतो. शंका दाबण्याचा निर्णय मात्र दुसऱ्याचा असतो. आणि महिनाभर दिवा लागला नाहीं अशी सोयीची वेळ साधून जो ती गाडी विकतो, त्याचें "गाडी उत्तम चालते" हें वाक्य त्या दिवसापुरतें खरें असलें तरी गिऱ्हाइकाची तें फसवणूकच करतें.

सर्व दोष मालकाच्या आणि मिस्त्रीच्या माथीं मारून आपणां सुशिक्षितांस मोकळें होतां येणार नाहीं. या व्यवहारांत आपली एक संवय फार घातक आहे. नवा भाग बसविला तर त्याचे पैसे आपण निमूटपणें देतों, कारण भाग हातांत धरतां येतो. तीन तास शोध करून एका तुटक्या वायरीला जोड दिला, तर "एवढ्याशा वायरीचे इतके पैसे?" असें विचारतों. अर्थात् मिस्त्री शहाणा होतो. तो शोध करण्याचें सोडून देतो, आणि अंदाजानें आज सेन्सर, पुढच्या खेपेस बेअरिंग, त्यापुढें सबंध पेटी बदलीत जातो. यांतील एखादा बदल लागू पडतो. किंवा दोष आपल्या पाळीनें गप्प बसलेला असतो आणि श्रेय शेवटच्या भागाला मिळतें. विचाराला मोल द्यावयाचें नाहीं आणि वस्तूला द्यावयाचें, अशी ज्या समाजाची रीत, त्याला वस्तु पुष्कळ मिळतात आणि निदान मिळत नाहीं. वैद्याच्या बाबतींतहि आपण निराळें वागतों असें नाहीं. चिठ्ठीवर औषध न लिहितां परत पाठविणारा वैद्य किती घरांना आवडतो, याचा विचार ज्यानें त्यानें करावा.

स्वभावाचे दोष बहुतेक या दुसऱ्या वर्गांतलेच असतात. अष्टौप्रहर रागावलेला मनुष्य नाटकांतच भेटतो, खरा रागीट मनुष्य महिन्यांतून एकदां रागावतो, आणि उरलेले एकोणतीस दिवस घरचीं माणसें म्हणत असतात, "एरवीं स्वभावानें फार चांगला आहे." मराठींतील हा "एरवीं" शब्द मोठा दयाळू आहे, आणि तितकाच धोक्याचा. ममतेच्या नात्यांत त्याला स्थान आहे. एका दिवसाच्या दोषावरून सबंध मनुष्य निकालांत काढूं नये, हें तो शिकवितो. परंतु निदानाच्या कामीं त्याचा उपयोग उलट दिशेनें केला पाहिजे. "एरवीं" ठीक असतें, तर मग केव्हां ठीक नसतें? किती तापल्यावर, कोणत्या वळणावर, कोणाच्या समोर? हे प्रश्न विचारण्याला धैर्य लागतें, कारण त्यांचीं उत्तरें मिळालीं कीं पूर्वींचा निश्चिंतपणा राहत नाहीं. तथापि ते विचारावयाचे ते दिवा विझलेला असतांनाच. लागल्यावर हात आणि पाय सांभाळण्यापलीकडे दुसरें कांहीं करण्याला बहुधा वेळ नसतो.